'यंत्र बंद आहे' : एम्.आर्.आय्. तपासणीच्या भाषेचा एक इतिहास

२७ जानेवारी २०१८ रोजी सायंकाळी, मुंबई सेंट्रल येथील महापालिकेच्या नायर रुग्णालयात, एम्.आर्.आय्. तपासणीच्या कक्षामध्ये बत्तीस वर्षांचा एक तरुण मरण पावला. तो रुग्ण नव्हता. बहिणीच्या सासूबाईंना तपासणीसाठी आणले होते, त्यांच्यासोबत तो आला होता आणि त्यांचे प्राणवायूचे सिलिंडर त्याने हाती घेतले होते. कक्षात पाऊल पडताच तेथील चुंबकाने सिलिंडर ओढले, सिलिंडरासह तोही ओढला गेला, आणि सिलिंडरातून वेगाने सुटलेला वायू त्याच्या शरीरात शिरला. राज्य शासनाने कुटुंबास पाच लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. रुग्णालयातील डॉक्टर व कर्मचारी यांच्याविरुद्ध निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदविला. नातेवाइकांच्या तक्रारीतील एक तपशील मात्र केवळ न्यायालयीन महत्त्वाचा नाही. यंत्र बंद आहे, सिलिंडर आत न्यावयास हरकत नाही, असे आपणांस सांगण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते.

हे नेमके कोणत्या शब्दांत आणि कोणी सांगितले हा पुराव्याचा विषय होय, आणि त्याचा निर्णय येथे करावयाचा नाही. भाषेच्या अभ्यासकाला त्यातील वाक्यच विचारात पाडते. 'यंत्र बंद आहे' हे वाक्य व्यवहारातील मराठीत, आणि मुंबईच्या रुग्णालयांत मराठीच्या जोडीने चालणाऱ्या हिंदीतही, खोटे ठरत नाही. टेबलावर कोणी निजलेले नाही, ठोक्यांचा आवाज थांबलेला आहे, तंत्रज्ञ पडद्यासमोरून उठलेला आहे, अशा वेळी हे वाक्य कोणीही सहज उच्चारील. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते सर्वस्वी खोटे आहे. एम्.आर्.आय्. यंत्राचे चुंबक रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतही चालूच असते. जे यंत्र बंद होतच नाही त्याच्याविषयी 'बंद' हा शब्द कसा आला, आणि तो रुग्णांच्या मनात इतका पक्का कसा बसला, ह्याचा शोध घेतल्यास ही तपासणी समाजात कोणत्या शब्दांतून पोहोचली हे ध्यानात येते.

आरंभ क्ष-किरणांपासून केला पाहिजे. राँटगेन यांनी १८९५ मध्ये ह्या किरणांचा शोध लावला आणि अज्ञात राशीचे चिन्ह म्हणून त्यांना 'एक्स' हे नाव दिले. मराठीने त्या अक्षराच्या जागी 'क्ष' घातला. शास्त्रीय नाव असे शिस्तीत तयार झाले, परंतु घरोघरी ते वापरले गेले नाही. घरांतून म्हणतात, 'छातीचा फोटो काढला'. ह्या क्रियापदाने पुढच्या सर्व तपासण्यांचे वळण ठरविले. सोनोग्राफी काढतात, कार्डिओग्राम काढतात, सी.टी. स्कॅन काढतात आणि 'मणक्याचा एम्.आर्.आय्.' देखील काढतात. 'काढणे' ह्या क्रियापदात एक क्षण गृहीत धरलेला आहे. छायाचित्रकाराने कळ दाबली, चित्र निघाले, काम संपले. त्यापूर्वी यंत्र निर्जीव असते आणि त्यानंतरही निर्जीव असते.

क्ष-किरण यंत्राच्या बाबतीत ही समजूत शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. नळीला विद्युतदाब मिळतो तेवढ्या वेळेपुरतेच किरण निघतात. दाब काढला की ते यंत्र खोलीतील कपाटाइतके निरुपद्रवी होते. म्हणूनच क्ष-किरणाच्या खोलीबाहेर तांबडा दिवा असतो. तो लागला असता आत जाऊ नये आणि मालवला असता जावे, हा नियम कोणी न शिकविताही रुग्णांना, वॉर्डबॉयना, ट्रॉली ढकलणाऱ्या नातेवाइकांना अंगवळणी पडलेला आहे. ह्या किरणांवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले; त्याचे कार्यालय मुंबईच्या उपनगरातच, अणुशक्तिनगर येथे आहे. क्ष-किरण व सी.टी. यंत्रे ह्या मंडळाच्या अखत्यारीत येतात. एम्.आर्.आय्. येत नाही, कारण त्यात आयनीकारक किरणच नसतात. 'ह्यात रेडिएशन नाही' हे वाक्य रुग्णांस दिलासा देण्यासाठी नेहमी सांगितले जाते व ते सत्य आहे. पण त्या सत्याची दुसरी बाजू अशी की, किरण नाहीत म्हणून तांबडा दिवा नाही, आणि तांबडा दिवा नाही म्हणून धोक्याची परिचित खूणही नाही.

आता ह्या तपासणीच्या नावाकडे वळू. अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात ठेवली असता विशिष्ट कंप्रतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्याबद्दल १९५२ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. ह्या इतिहासात भारतीयांचा वाटा आरंभापासूनचा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. स्टॅनफर्ड येथे ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले श्रीनिवास धर्मट्टी हे आर्नल्ड व पॅकर्ड यांच्यासमवेत १९५१ च्या त्या प्रसिद्ध निबंधाचे लेखक होत, ज्यात साध्या अल्कोहोलातील हायड्रोजनच्या तीन वेगळ्या रेषा प्रथम दाखविण्यात आल्या. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी ह्या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. त्याच १९५१ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील अनुस्पंदनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज रक्तवाहिन्यांची जी चित्रे ह्या यंत्राने घेतली जातात, त्यांच्यामागील तत्त्वाशी त्या कामाचा जवळचा संबंध आहे.

ह्या घटनेस मराठी शास्त्रीय परिभाषेने 'अनुस्पंदन' म्हटले, हिंदीने 'अनुनाद'. दोन्ही शब्द चांगले बनलेले आहेत. तरीही रुग्णाच्या दृष्टीने मराठी शब्द अधिक निर्धोक म्हणावा लागेल. यंत्राचा कानठळ्या बसविणारा नाद हा अणुकेंद्रांच्या प्रतिसादाचा नाद नव्हे. मुख्य चुंबकाच्या आत आणखी काही वेटोळी असतात. त्यांतील प्रवाह सेकंदात अनेक वेळा बदलला जातो आणि त्या बळांमुळे ती वेटोळी हादरतात, त्याचा तो आवाज असतो. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

अनुस्पंदनापासून चित्र काढण्याची कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली तेव्हा त्यांनी तिला 'झ्यूग्मॅटोग्राफी' असे नाव दिले. ग्रीक 'झ्यूग्मा' म्हणजे जोडणारी वस्तू, जोखड. स्थिर चुंबक आणि रेडिओलहरी ही दोन क्षेत्रे एका जोखडात जुंपून चित्र मिळवावयाचे, असा त्यामागील भाव. हा ग्रीक शब्द संस्कृत 'युज्' धातूचा सख्खा भाऊ होय, आणि संस्कृत 'युग' पासून आलेला मराठी 'जू' त्याच घराण्यातला. हे नाव टिकले असते तर निदान बैलजोडीची उपमा मराठी विद्यार्थ्याला हाताशी मिळाली असती. ते टिकले नाही. १९७७ मध्ये रेमंड डॅमेडियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले, त्यास जवळपास पाच तास लागले. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्रे वेगाने घेण्याची रीत बसविली. २००३ चे नोबेल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना मिळाले, डॅमेडियन यांना मिळाले नाही, आणि त्यावर झालेला वाद अद्याप पुरता शमलेला नाही.

तोपर्यंत ह्या पद्धतीला 'एन्.एम्.आर्.' असेच म्हणत, म्हणजे नावाच्या आरंभी 'न्यूक्लिअर' हा शब्द होता. १९८० नंतरच्या दोनचार वर्षांत तो गळून पडला व 'एम्.आर्.आय्.' राहिले. अणुबाँब व अणुभट्ट्या यांच्या भीतीने रुग्ण बिचकतील हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाते. मुंबईच्या पूर्व उपनगरांत ही भीती समजणे कठीण नाही; १९५६ मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाल्यापासून चेंबूर-तुर्भे भागात 'अणू' हा शब्द एका विशिष्ट कुंपणाशी आणि पहाऱ्याशी जोडला गेला आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, नावातून काढून टाकलेला शब्द निरुपद्रवी होता. हायड्रोजनचे अणुकेंद्र आपल्या शरीरातील पाण्यात मुळातच आहे, त्याला फोडले जात नाही की त्यातून किरण निघत नाहीत. जो शब्द नावात उरला तोच खऱ्या धोक्याचा शब्द होता. पण त्याला कोणी भ्याले नाही. मराठी माणसाच्या मनात 'लोहचुंबक' म्हणजे शाळेतील तांबड्या रंगाची नालाकृती पट्टी, टाचण्या उचलणारी. कवींनी तर ह्या शब्दाला प्रेमाचेच काम दिले. भयाचा अर्थ त्याला कधी चिकटलाच नाही.

भारतात ही यंत्रे १९८० नंतरच्या दशकात आली. दिल्लीच्या 'इन्मास' ह्या संरक्षण खात्याच्या संस्थेतील यंत्र १९८६ चे. मुंबईत ती पुढे खासगी रुग्णालयांतून, मग महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतून आणि नंतर उपनगरांतील तपासणी केंद्रांतून पसरली. पालिकेच्या उपचारांवर अवलंबून असलेल्या उपनगरातील रुग्णास मात्र दीर्घ काळ शहराकडेच यावे लागले: बोरिवली-अंधेरीहून पश्चिम रेल्वेने नायरला, मुलुंड-घाटकोपरहून मध्य रेल्वेने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाला किंवा परळच्या के.ई.एम्. ला. अशा प्रवासात रुग्ण एकटा येत नाही. त्याच्याबरोबर मुलगा, भाचा, जावई असा कोणीतरी धडधाकट पुरुष असतो. तोच केसपेपर काढतो, तोच ट्रॉली ढकलतो, प्रसंगी सिलिंडरही उचलतो. हा 'सोबतचा माणूस' रुग्णालयाच्या दप्तरात कोठेही नाही, पण रुग्णालयाचे बरेचसे काम त्याच्या खांद्यावर चालते. ह्या इतिहासात त्याचे स्थान मध्यवर्ती आहे.

चुंबक सतत चालू का राहते, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण बाकी सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. १९८० च्या सुमाराच्या काही आरंभीच्या यंत्रांत, उदाहरणार्थ स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथील यंत्रात, साध्या वेटोळ्यांचे विद्युतचुंबक होते. त्यांचा प्रवाह तोडला की क्षेत्र नाहीसे होई. अशा यंत्राविषयी 'बंद' म्हणणे यथार्थ होते. पण त्यांचे क्षेत्र दुर्बल असे. आज रुग्णालयांत प्रचलित असलेल्या दीड वा तीन टेस्लाच्या यंत्रांत अतिवाहक चुंबक असतो. पारा अतिशीत केला असता त्याचा विद्युतरोध पूर्णपणे नष्ट होतो, हे कामरलिंग ऑनेस यांनी १९११ मध्ये लायडन येथे पाहिले होते. हे चुंबक त्याच गुणावर चालतात. नायोबियम व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअस तपमानात बुडविलेली असते. यंत्र बसविताना तिच्यात एकदा विद्युतप्रवाह सोडतात, दोन्ही टोके जोडून टाकतात, आणि बाहेरील पुरवठा काढून घेतात. रोधच नसल्यामुळे तो प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. चुंबकाला चालू राहण्यासाठी विजेची गरज नसते. वीज लागते ती हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्रणेस आणि चित्र घेण्याच्या उपकरणांस.

ह्याची साक्ष मुंबईनेच एकदा दिली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास विद्युतजाळे कोलमडले आणि शहर व उपनगरे एकदम अंधारात गेली. लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. 'लाईट गेली' हा शब्दप्रयोग उपनगरांच्या परिचयाचा आहे. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून तीनचार पिढ्या बटणाच्या जगात वाढल्या आहेत, आणि मुलुंड-भांडुपकडे वीज वेगळ्या यंत्रणेची असल्याने तेथील लोकांना भारनियमनही ठाऊक आहे. लाईट गेली की पंखा थांबतो, लिफ्ट अडकते, टी.व्ही. गप्प होतो. त्या सकाळी मुंबईतील अतिवाहक चुंबक मात्र आदल्या रात्रीइतकेच प्रबळ होते. त्या वेळी एखाद्या अंधाऱ्या कक्षात कोणी पोलादी सिलिंडर नेले असते तर ते त्याच वेगाने ओढले गेले असते.

हे क्षेत्र किती मोठे? दीड टेस्ला म्हणजे मुंबईत होकायंत्राची सुई वळविणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस-पस्तीस हजार पट. पण आकड्यापेक्षाही एक गुण अधिक फसवा आहे. शेजारच्या खोल्यांना उपद्रव होऊ नये म्हणून आधुनिक चुंबकाभोवती उलट दिशेची वेटोळी बसवून बाहेरचे क्षेत्र आवरून धरलेले असते. परिणामी क्षेत्र दाराशी जवळजवळ जाणवत नाही आणि बोगद्याच्या तोंडाजवळ एकदोन पावलांच्या अंतरात एकाएकी चढते. हातातील वस्तू हलकी ओढ घेऊ लागली, मग मनुष्य सावध झाला, मागे फिरला, असा अवकाश मिळत नाही. ओढ जाणवते तेव्हा वस्तू हातातून गेलेली असते.

क्षेत्र तातडीने नष्ट करावयाचे असल्यास एकच उपाय असतो, त्यास 'क्वेंच' म्हणतात. विशिष्ट कळ दाबल्यावर तार तापते, रोध उत्पन्न होतो, आणि शेकडो लिटर द्रव हेलियम उकळून छपरावरील नळातून बाहेर पडतो. एका लिटर द्रवाचा सातशे लिटरांहून अधिक वायू होतो. ह्यास एकदोन मिनिटे लागतात, खर्च लाखांत जातो, यंत्र काही दिवस निकामी होते, आणि नळात दोष असल्यास हेलियम खोलीत शिरून माणसे गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून केवळ माणूस अडकला असेल तरच ही कळ दाबावी असा दंडक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन रुग्णालयात, सिलिंडर घेऊन आत गेलेला वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ असे दोघे यंत्राशी सुमारे चार तास जखडले गेले. आपत्कालीन यंत्रणेने काम केले नाही असे तेव्हाच्या वृत्तांत प्रसिद्ध झाले होते. खारघर ते नायर हे अंतर फार मोठे नाही. तीन वर्षांत तो धडा तेवढे अंतर ओलांडू शकला नाही.

आता 'बंद' ह्या शब्दाकडे. फारसी 'बंद' आणि संस्कृत 'बन्ध' ही एकाच मूळाची रूपे. मूळ अर्थ बांधलेले, जखडलेले. मराठीत ह्या शब्दाचा विस्तार विलक्षण झाला. दार बंद होते, दुकान बंद असते, बोलणे बंद होते, पगार बंद होतो, आणि मुंबई तर साऱ्या शहरासह 'बंद' होते. जुन्या घरात प्रत्येक वस्तूला थांबविण्याचे तिचे स्वतःचे क्रियापद होते. दिवा मालवीत, चूल विझवीत, जाते थांबवीत, रहाट सोडीत. विजेने ही सर्व क्रियापदे गिळली. दिवा, शेगडी, पंखा, नळ, मोटार, संगणक, सर्वांना आता एकच 'बंद करणे' पुरते, आणि त्याच्या उलट 'चालू'. दिवा मालवला तरी काच काही वेळ तापलेली राहते, चूल विझविली तरी राखेत निखारा असतो, हे त्या त्या क्रियापदाच्या अनुभवातच भरलेले होते. 'बंद' मध्ये निखारा नाही. शब्द जितका व्यापक तितका अर्थ पोकळ, हा अर्थविचारातील नेहमीचा नियम येथे प्राणांवर बेतला.

त्यातच आवाजाची भर पडते. चित्र घेणे संपले की हादरणारी वेटोळी शांत होतात. सामान्य माणसाच्या लेखी यंत्राचा आवाज हाच त्याचा प्राण. आवाज थांबला म्हणजे यंत्र थांबले. ज्या आवाजाची रुग्णाला भीती वाटते तो कापसाचे बोळे किंवा कर्णत्राण लावले असता फारसा अपाय करीत नाही, आणि जी शांतता त्याला सुरक्षित वाटते तीत चुंबक तितकेच जागे असते.

सिलिंडरामुळे घडलेला हा अपघात केवळ मुंबईचा नव्हे. जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळ व्हॅलहॅला येथील रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलाची तपासणी चालू असता त्याला प्राणवायू कमी पडू लागला. घाईने पोलादी सिलिंडर आत आणले गेले, ते बोगद्यात शिरले आणि मुलाचा मृत्यू झाला. ह्या घटनेनंतर अमेरिकन रेडिओलॉजी महाविद्यालयाने २००२ मध्ये सुरक्षेची मार्गदर्शिका काढली व परिसराचे चार टप्पे कल्पिले: पहिला सर्वांना मोकळा, चौथा म्हणजे प्रत्यक्ष चुंबकाची खोली. तरीही जुलै २०२५ मध्ये त्याच न्यूयॉर्क राज्यात एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ, गळ्यात व्यायामाची सुमारे नऊ किलोची साखळी असताना, तपासणी संपलेल्या पत्नीला उठविण्यासाठी आत गेले आणि प्राणास मुकले. खारघर, नायर, व्हॅलहॅला आणि ही शेवटची, अशा चार घटना एकत्र ठेवल्या तर टेबलावर निजलेला रुग्ण बळी पडला तो एकदाच. इतर तिन्ही वेळा यंत्राने धरले ते कर्मचाऱ्याला किंवा सोबतच्या माणसाला. तपासणीपूर्वी भरून घ्यावयाची प्रश्नावली मात्र रुग्णाला उद्देशून असते. जावयाला कोणी विचारीत नाही.

त्या प्रश्नावलीच्या मराठीचाही विचार केला पाहिजे. 'आपल्या शरीरात धातू आहे काय?' हा प्रश्न इंग्रजीचा शब्दशः तर्जुमा असून मराठीत तो विचित्र उमटतो. शरीरातील धातू म्हणजे वैद्यकशास्त्राप्रमाणे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र हे सात. आणि लोकलच्या डब्यांत व रेल्वेपुलांच्या खांबांवर चिकटविलेल्या जाहिरातींनी त्यांपैकी शेवटचाच अर्थ लोकांच्या मनावर ठसविला आहे. (व्याकरणाच्या विद्यार्थ्याला तर आठवा धातूही सुचेल.) साठीचा एखादा गिरणी कामगार अशा प्रश्नाला संकोचून 'नाही' म्हणतो, यात नवल नाही. त्याच्या मांडीत अपघातानंतर घातलेली पट्टी असते, तिला तो 'रॉड' म्हणतो. हृदयातील स्टेंटला लोक 'स्प्रिंग' किंवा 'जाळी' म्हणतात. स्त्रियांमध्ये 'तांबी' हा शब्द आपोआप समजतो. अशा शब्दांनी विचारले तर उत्तरे खरी मिळतात: तांबी बहुधा अडचणीची ठरत नाही, टिटॅनियमची पट्टीही नाही, परंतु पेसमेकर, मेंदूतील जुनी क्लिप किंवा कानातील यंत्र यांच्याबाबत वैद्यास आधी कळलेच पाहिजे.

एक प्रश्न तर उपनगरांसाठी विशेष महत्त्वाचा. कुर्ला, साकीनाका, मरोळ, भांडुप ह्या पट्ट्यात दोन-तीन पिढ्या लोकांनी लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगवर आयुष्य काढले. डोळ्यात लोखंडाचा कण जाणे ही त्या कामातील नित्याची बाब. शेजाऱ्याने रुमालाच्या टोकाने काढावा आणि पुन्हा कामाला लागावे. आत राहिलेला असा कण चुंबकात वळतो. ह्या कारणाने तपासणीनंतर एका डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ मध्येच अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. 'धातू आहे काय' असे विचारून ती तीस वर्षांपूर्वीची दुपार कोणाला आठवणार नाही. 'कारखान्यात काम केले आहे का, डोळ्यात कधी लोखंड गेले होते का' असे विचारले तर आठवेल, आणि साध्या क्ष-किरण फोटोने शंका दूर करता येते.

मंगळसूत्राचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यावरून दाराशी नेहमी थोडी वादावादी होते. सोने चुंबकाला चिकटत नाही, असे बाई म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर असते. चांदीची जोडवी व करगोट्यातील चांदीही चिकटत नाही. ते काढावयास सांगण्याचे कारण असे की, त्यांच्यातील फासा अथवा तार पोलादी असू शकते, रेडिओलहरींमुळे बंद वळ्यांत उष्णता उत्पन्न होऊ शकते, आणि जवळच्या भागाचे चित्र बिघडते. एवढे कारण सांगितले तर बहुतेक स्त्रिया दागिना काढतात. केवळ 'काढा' असे म्हटले तर त्यात अशुभाची शंका शिरते आणि पदराखाली एखादी वस्तू राहून जाते. काचेच्या बांगड्यांचे चुंबकास काही नाही, पण त्यांतील एखादी धातूची निघते.

रुग्णास आणखी माहीत असावयाच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. तपासणीस बहुधा वीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. हालचाल झाल्यास चित्र पुसट होते. बोगद्याची रुंदी साठ ते सत्तर सेंटिमीटर असते. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने ते आधीच सांगावे, हातात दिलेला रबरी फुगा दाबला की तंत्रज्ञ येतो. शिरेतून औषध द्यावयाचे असल्यास मूत्रपिंडाचा विकार व गर्भारपण यांची माहिती लपवू नये. ह्या सर्व बाबी बऱ्याच केंद्रांवर सांगितल्या जातात. न सांगितली जाते ती पहिलीच.

परिभाषेची सुधारणा प्राण वाचवू शकते, ह्याचे एक उदाहरण ह्याच क्षेत्रात घडले आहे. पूर्वी उपकरणांवर 'एम्.आर्. ला अनुकूल' अशा अर्थाचा एक सैल शब्द छापीत. कोणत्या क्षेत्रात अनुकूल, किती अंतरावर, हे त्यातून कळत नसे. २००५ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने तो शब्द बाद करून तीन संज्ञा ठरविल्या: सुरक्षित, अटींवर सुरक्षित, आणि असुरक्षित, प्रत्येकीला स्वतंत्र आकाराचे व रंगाचे चिन्ह दिले. अॅल्युमिनियमची खास सिलिंडरे व चाकाच्या खुर्च्या आज अशा चिन्हांनिशी मिळतात, आणि २०११ पासून अमेरिकेत विशिष्ट पेसमेकरही 'अटींवर सुरक्षित' म्हणून मान्य झाले. मराठीत मधल्या संज्ञेसाठी 'सशर्त' हा शब्द सुचविला जातो. पण 'सशर्त' मध्ये शर्त कोणाची हे स्पष्ट होत नाही, आणि जामीन व माफी यांच्या संगतीने त्या शब्दाला कचेरीचा वास लागला आहे. 'अटींवर सुरक्षित' लांब आहे, तरी अट विचारावयाची असते हे ऐकणाऱ्यास कळते.

पवईला भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात 'समीर' ही केंद्र शासनाची संस्था आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका सूक्ष्मतरंग विभागात आहे. देशी बनावटीचे दीड टेस्लाचे एम्.आर्.आय्. यंत्र तयार करण्याच्या प्रकल्पाचे नेतृत्व तिच्याकडे आहे, आणि मार्च २०२५ मध्ये ते चाचणीसाठी दिल्लीच्या 'एम्स' मध्ये बसविण्याचा करार झाला. परदेशी यंत्राबरोबर त्याच्या सूचनाही इंग्रजीतून येतात, आणि त्यांचे मराठी बहुधा शेवटच्या दिवशी, फलक रंगविणाऱ्याच्या दुकानात होते. उपनगरात घडत असलेल्या यंत्राच्या दारावरील वाक्य मुळातच येथे लिहिता येईल. 'लोखंडी वस्तू आत नेऊ नये' असा फलक सध्या अनेक ठिकाणी दिसतो. त्यात निषेध आहे, कारण नाही. आणि प्राणवायूचे सिलिंडर हे औषध आहे की लोखंडी वस्तू, याचा निर्णय ते उचलणाऱ्या जावयावर सोडलेला आहे. 'आतील चुंबक रात्रंदिवस चालू असते, आवाज नसतानाही. सिलिंडर, ट्रॉली, खुर्ची, चाव्या, मोबाईल बाहेर ठेवा' हे वाक्य एका पाटीवर मावते.